बिल निल झालं, तरी रिपोर्टमधली नोंद बसूनच असते

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मार्च २०२३ मध्ये मी माझा पोस्टपेड नंबर पोर्ट करून दुसऱ्या कंपनीकडे नेला. तोपर्यंतची सगळी बिलं वेळेवर भरली होती. आता नवरा आणि मी मिळून घरासाठी कर्जाचा अर्ज केला, तर बँकेने फाइल परत पाठवली. माझ्या सिबिल रिपोर्टमध्ये जुन्या मोबाइल कंपनीचे ३,९३५ रुपये 'रिटन ऑफ', म्हणजे बुडीत, म्हणून दिसतात आणि स्कोअर ७७९ वरून ६७१ वर आलाय. खोदून काढल्यावर कळलं, की पोर्ट झाल्यावरही कंपनी चार महिने बिलं काढत राहिली होती. ती जात होती मी सोडलेल्या नोकरीच्या ईमेलवर. मध्यंतरी वसुली एजंटचे फोन आले, ते मी फसवणुकीचे समजून कापले. आता तो म्हणतो, 'मॅडम, दीड हजार भरा, सेटलमेंट करून टाकतो.' नवरा म्हणतो, भर आणि मोकळी हो. मला ते पटत नाही, पण करारनाम्याला दोनच महिने उरलेत. काय करू? बिलांच्या प्रती आणि रिपोर्ट सोबत जोडलाय."

नमस्कार,

एजंटला आज एक रुपयाही देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतोच, पण तो उद्या परत फोन करणार, म्हणून हे आधी.

दीड हजारांत सुटका होत असेल तर कुणालाही मोह होईल. पण 'सेटलमेंट' या शब्दाला क्रेडिट रिपोर्टात स्वतःचा वेगळा अर्थ आहे. 'रिटन ऑफ'च्या जागी तिथे 'सेटल्ड' असं येतं आणि कर्ज देणारा ते असं वाचतो: या बाईंनी पूर्ण रक्कम दिली नाही, कंपनीने नाइलाजाने कमी घेऊन खातं मिटवलं. म्हणजे जे देणं मुळात तुमचं नव्हतं, ते तुमचंच होतं आणि तुम्ही ते बुडवलंत, अशी कबुली तुम्ही दीड हजार मोजून विकत घ्याल. ती पुढची कित्येक वर्षं रिपोर्टात राहील. शिवाय पैसे भरल्यावर कंपनीशी वाद घालायला गेलात, की पहिला प्रश्न येणार, 'बिल चुकीचं होतं, तर सेटलमेंट का केलीत?'

मी सहा वर्षं एका दूरसंचार कंपनीच्या बिलिंग विभागात काढली आहेत. तेव्हाची एक गोष्ट सांगतो, कारण तुमचं सगळं प्रकरण तिथेच येऊन अडणार आहे. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार खरी निघाली की आम्ही क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा केल्याची नोंद, टाकायचो, खातं निल म्हणजे शून्य व्हायचं, तक्रार बंद. ग्राहकाला 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा एसएमएस जायचा आणि आम्हीही हात झटकायचो. पण क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या कंपनीला, माहिती जायची ती आमच्या टेबलावरून नाही. ती जायची वसुली विभागाच्या फाइलमधून. आमच्या क्रेडिट नोटची त्या फाइलला खबर लागेलच, याची खात्री नसे. एकदा 'रिटन ऑफ' म्हणून बाजूला टाकलेलं खातं नंतर निल झालं, तरी ब्युरोकडची नोंद कुणी जाऊन पुसायचं नाही. ग्राहकाला हे कळायचं दोन-तीन वर्षांनी, बँकेच्या दारात. अगदी तुमच्यासारखं.

तेव्हा तुमच्यापुढे कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी मागायची आहेत. एक, बिल रद्द करून घेणं. दोन, ब्युरोकडची नोंद मागच्या तारखेपासून दुरुस्त करून घेणं. पहिलं झालं की दुसरं आपोआप होईल, या भरवशावर राहिलात तर दोन महिने असेच जातील.

आता तुमची बिलं. मी ती नीट पाहिली. तुमचं बिलचक्र ८ तारखेपासून पुढच्या ७ तारखेपर्यंतचं. नंबर पोर्ट झाला १९ मार्चला. भाडं ७४९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याचे ८८३ रुपये ८२ पैसे. अशी चार बिलं आणि दर बिलाला शंभर रुपये उशिराचा दंड. बेरीज ३,९३५ रुपये २८ पैसे. रिपोर्टमधला आकडा हाच. म्हणजे कंपनीच्या यंत्रणेला नंबर बाहेर गेल्याचं कळलंच नाही. जुलैमध्ये तिने 'बिल न भरल्यामुळे' सेवा बंद केली. जी सेवा १९ मार्चपासून दुसरीच कंपनी देत होती, ती ही जुलैमध्ये बंद करते आहे! हसू येतं, पण हीच तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. पोर्ट झालेला नंबर जुन्या जाळ्यावर चालूच शकत नाही. १९ मार्चनंतरच्या भाड्यामागे सेवाच नाही.

मात्र एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. ८ ते १९ मार्च हे बारा दिवस तुम्ही जुन्याच कंपनीची सेवा वापरलीत. तेवढ्याचं भाडं करासकट साधारण ३४२ रुपये होतं आणि ते तुम्ही भरलेलं दिसत नाही. कंपनी भाडं मागाहून घेत असेल तर हे ३४२ रुपये तुमचं खरंखुरं देणं आहे. आगाऊ घेत असेल तर तेही नाही. जुन्या एखाद्या बिलावर भाड्यापुढे कोणत्या तारखांचा कालावधी छापलाय ते बघा, लगेच कळेल. 'एक पैसाही देणं नाही' असं ठासून लिहिलंत आणि समोरच्याने हे बारा दिवस काढून दाखवले, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांनाही ढिलाई येते. त्यापेक्षा स्वतःच लिहा: एवढं देणं मान्य आहे, त्याचं दुरुस्त अंतिम बिल द्या, त्याच दिवशी भरते. असं लिहिणारा ग्राहक तक्रार विभागात क्वचित दिसतो आणि त्याची फाइल लवकर हलते, हे मी अनुभवाने सांगतो. कनेक्शन घेताना अनामत भरली असेल तर ती यातून वळती करायला सांगा.

तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त पुरावे तुमच्याकडे आहेत. पोर्ट करताना तुम्ही १९०० वर एसएमएस केला असेल आणि आठ अक्षरांचा यूपीसी कोड आला असेल. १६ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांप्रमाणे, पोस्टपेड ग्राहकाने तोवर निघालेल्या आणि मुदत आलेल्या बिलांचे पैसे भरलेले असतील तरच हा कोड तयार होतो. म्हणजे कोड मिळाला, यातच तोपर्यंतचं खातं स्वच्छ असल्याची कंपनीने दिलेली पावती आहे. तो एसएमएस सापडला तर स्क्रीनशॉट काढा. नसेल तर नव्या कंपनीचं पहिलं बिल शोधा, त्यावर कनेक्शन सुरू झाल्याची तारीख असते. तेही नसेल तर नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर कोणत्या तारखेला पोर्ट होऊन आला, याचं पत्र मागा. आणखी एक: पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीची थकबाकी राहिली, तर जुनी कंपनी नियमांनुसार नव्या कंपनीमार्फत तुमची सेवा बंद करायला लावू शकते. तुमच्याबाबतीत तसं काहीच झालं नाही. पत्रात हे विचारा. 'थकबाकी खरी होती, तर ही कारवाई का केली नाही?' याला त्यांच्याकडे चांगलं उत्तर असण्याची शक्यता कमी आहे.

तक्रार नोंदवताना एका जागी हमखास गोंधळ होतो. सगळीकडे वाचाल की १९८ वर फोन करा. करा, पण तुमच्या आताच्या सिमवरून १९८ लावलात तर फोन नव्या कंपनीकडे लागेल आणि तिथली मुलगी सांगेल, 'मॅम, आपलं एकही बिल बाकी नाही.' जुन्या कंपनीच्या ॲपमध्येही आता शिरता येणार नाही. त्यामुळे तिचा टोल फ्री क्रमांक किंवा तक्रार विभागाचा ईमेल लागेल. ट्रायच्या पोर्टलवर प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचे आणि अपील प्राधिकाऱ्याचे पत्ते सर्कलनिहाय दिलेले आहेत, तिथून घ्या. फोन केलात तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय ठेवू नका. माझं मत विचाराल तर फोन फक्त डॉकेट नंबरापुरता, बाकी सगळं ईमेलवर. फोनवर 'हो मॅम, झालं मॅम' म्हणायला काही पडत नाही.

ईमेल लांबलचक नको. तुमच्यासाठी मसुदा देतो, इंग्रजीत पाठवलात तरी मुद्दे हेच ठेवा:

"माझा पोस्टपेड क्रमांक अमुक, खाते क्रमांक अमुक. हा क्रमांक १९ मार्च २०२३ रोजी पोर्ट होऊन आपल्या जाळ्यातून बाहेर गेला. पुरावा सोबत जोडला आहे. त्यानंतरच्या काळासाठी आपण भाडे व विलंब शुल्क आकारले असून ते मला मान्य नाही. ८ ते १९ मार्च या कालावधीचे देय असल्यास त्याचे दुरुस्त अंतिम बिल द्यावे, मी ते त्वरित भरेन. या वादग्रस्त रकमेपोटी आपण माझ्या नावे क्रेडिट माहिती कंपन्यांकडे थकबाकी व 'रिटन ऑफ' अशी नोंद कळवली आहे. कृपया पुढील तीन गोष्टी कराव्यात. पहिली, चुकीची आकारणी रद्द करून क्रेडिट नोट द्यावी. दुसरी, ज्या ज्या क्रेडिट माहिती कंपनीला ही नोंद कळवली, त्या प्रत्येकीला ती नोंद व त्यासोबतचा उशिराचा इतिहास मूळ तारखेपासून काढून टाकण्यास कळवावे आणि कळवल्याची तारीख मला लेखी द्यावी. तिसरी, खाते बंद असून काहीही देणे नाही, तसेच सदर नोंद आकारणीतील चुकीमुळे झाली होती, असे पत्र द्यावे. वाद मिटेपर्यंत वसुली थांबवावी."

दुसऱ्या मुद्द्यातलं 'मूळ तारखेपासून' आणि तिसऱ्यातलं 'चुकीमुळे झाली होती', हे शब्द गाळू नका. ते नसले तर कंपनी थकबाकी शून्य करून मोकळी होईल. रिपोर्टात रक्कम शून्य दिसेल आणि खालच्या महिन्यांच्या चौकटींत ९०, १२०, १५० हे उशिराच्या दिवसांचे आकडे तसेच राहतील. तुमच्या रिपोर्टाच्या तिसऱ्या पानावर 'डेज पास्ट ड्यू' लिहिलेली ती ओळ आहे ना, तीच. बँकेचा माणूस थकबाकीच्या रकमेनंतर नजर टाकतो ती त्या चौकटींवर.

ट्रायच्या व्यवस्थेत तक्रारीच्या दोनच पायऱ्या आहेत. पहिली तक्रार केंद्र. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. समाधान झालं नाही किंवा मुदत उलटली, तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करायचं. त्याला फी नाही आणि निकालासाठी ३९ दिवसांची मुदत आहे. थेट ट्रायला लिहून उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे लिहिता येतं आणि त्याने कंपन्या जाग्या होतात, पण आधी कंपनीकडचा डॉकेट नंबर हातात हवा.

हे सगळे दिवस मोजलेत तर तुमचे दोन महिने संपतात, म्हणून ब्युरोकडची बाजू थांबवून ठेवू नका. कंपनीला ईमेल पाठवाल त्याच दिवशी तीही सुरू करा.

भारतात अशा क्रेडिट ब्युरो कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण चौघींनाही सरसकट 'सिबिल' म्हणतो आणि तिथेच फसतो. एका ठिकाणची नोंद गेली म्हणजे बाकी तिघींकडची गेली असं नाही. तुमची पुढची बँक कोणाचा रिपोर्ट काढेल, तेही तुमच्या हातात नाही. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो चौघींकडून आजच काढा. जिथे जिथे ही नोंद असेल तिथे तिथे ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवरची हरकत, टाका. त्याला पैसे लागत नाहीत. कुणी 'स्कोअर वाढवून देतो' म्हणून पैसे मागितले तर त्याला वाट दाखवा. सिबिलच्या रिपोर्टावर वर कंट्रोल नंबर असतो, तो जवळ ठेवा. डिस्प्यूट टाकताना फक्त रकमेवर हरकत घेऊ नका. थकबाकी, रिटन ऑफची रक्कम, खात्याची स्थिती, उशिराचे दिवस आणि खातं बंद झाल्याची तारीख, या प्रत्येक रकान्यावर वेगळी हरकत घ्या.

आता एक मर्यादा समजून घ्या, म्हणजे ब्युरोवर उगाच राग धरणार नाही. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यात, कलम २१ मध्ये, दुरुस्तीची मागणी आल्यावर तीस दिवसांत पावलं उचलायची असं म्हटलंय. पण त्याच कलमात अशीही अट आहे, की ज्याने माहिती दिली त्याने दुरुस्ती बरोबर असल्याचं सांगितल्याशिवाय ब्युरो ती करू शकत नाही. म्हणजे तुमचा डिस्प्यूट फिरून जुन्या मोबाइल कंपनीकडेच जाणार, आणि तिथल्या टेबलावरच्या माणसाने खातं उघडून 'थकबाकी आहे, नोंद बरोबर' अशी खूण केली की तो फेटाळला जाणार. तुमचा ईमेल आधी पोचलेला असेल आणि खात्यावर 'वाद चालू' अशी टीप असेल, तर निदान त्याचा हात थबकतो. फेटाळला तर कारण मागा, नवं कागदपत्र जोडा, पुन्हा टाका. डिस्प्यूट एकदाच टाकता येतो असं काही नाही.

नुकसानभरपाईचंही विचारतील पुष्कळजण, म्हणून सांगतो. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने ठरवलं, की दुरुस्तीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला द्यायचे. ते २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माहिती देणाऱ्या संस्थेला त्यातले २१ दिवस, उरलेले ब्युरोला. पण मोबाइल कंपनी रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात नाही, त्यामुळे ती अडून बसली तर हे शंभर रुपये तिच्या खिशातून निघतील असं धरून चालू नका. उशीर ब्युरोकडून झाला, तर मात्र बिनदिक्कत मागा. ब्युरोने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवरून तक्रार करता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून या चारही कंपन्या लोकपालाच्या कक्षेत आहेत.

बँकेकडे वळू. फाइल परत आली म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या बँकेत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात उमटते आणि महिन्यात चार चौकशा दिसल्या की पाचवी बँक आणखी बिचकते. त्याऐवजी याच बँकेत जा आणि नकाराचं कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी अमुक इतका स्कोअर हवाच असं कुठे ठरवून दिलेलं नाही, ती मर्यादा बँकेने स्वतः घातलेली असते आणि अपवाद करायचा अधिकार तिच्याच वरच्या साहेबाकडे असतो. त्या साहेबाला कागद लागतो. तक्रारीचा डॉकेट नंबर, पोर्टची तारीख, चारही बिलं, डिस्प्यूटची पोच आणि एका पानाचं तुमचं निवेदन, असा संच करून द्या. बाकी गृहकर्जाला लागणारं तुमचं सगळं ठीक असेल, तर मोबाइलच्या बिलावरून फाइल अडवायला बँकेलाही फारसा उत्साह नसतो. 'कंपनीचं पत्र आणा, मग बघू' असं म्हणाले तरी तुमचं काम झालं. ईमेलमधलं तिसरं मागणं त्यासाठीच आहे.

आणि आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. 'भर आणि मोकळी हो' हे ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत, फक्त दीड हजार आणि एजंट या दोन गोष्टी चुकीच्या आहेत. सहा आठवडे झाले, कंपनी हलली नाही आणि करारनामा समोर आला, तर मी तुमच्या जागी पूर्ण ३,९३५ रुपये भरीन. पूर्ण, सेटलमेंट नाही. आणि थेट कंपनीच्या वेबसाइटवर किंवा दुकानात, पावती घेऊन. एजंटच्या यूपीआयवर कदापि नाही. भरण्याच्या आधी ईमेल करीन: 'कर्जाच्या निकडीमुळे ही रक्कम हरकत कायम ठेवून भरत आहे, देणं मान्य असल्याचा अर्थ यातून काढू नये, परताव्याची आणि नोंद काढण्याची मागणी कायम आहे.' मग देणं नसल्याचं पत्र घेऊन बँकेत जाईन. याने डाग जात नाही, थकबाकीचा आकडा तेवढा शून्य होतो आणि मागचा इतिहास राहतो. पण कित्येक बँकांना तेवढंही पुरतं. तत्त्वासाठी घर घालवू नये, असं मला वाटतं. काहींना हे पटणार नाही, आणि माझ्या बायकोलाही पटलेलं नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तो शेवटी. पूर्वी मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असं सांगून प्रकरणं परत पाठवली जात. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला हा प्रश्न मिटवला: जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा नोंद तुम्हाला कधी कळली, त्याचा कागद म्हणून बँकेचं नकाराचं पत्र जपून ठेवा. घाई का करू नका म्हणतो? मघाच्या कलम २१ मध्येच पुढे लिहिलंय, की दुरुस्तीचा वाद न्यायालयात किंवा लवादापुढे चालू असेल तर तो मिटेपर्यंत दुरुस्ती करायची नाही, तोवर समोरच्या संस्थेच्या वहीतलीच नोंद धरायची. म्हणजे रागाच्या भरात आधीच दावा ठोकलात, तर कंपनीला 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' म्हणून गप्प बसायला निमित्त मिळतं. आधी तक्रार, अपील, डिस्प्यूट. मध्ये हवं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, तिथून कंपनीशी बोललं जातं आणि ते न्यायालय नव्हे.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी कुणाच्या रिपोर्टात आपला कधी नव्हताच अशा नंबरची थकबाकी असेल, तर त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते तपासावं, अनोळखी नंबर 'माझा नाही' म्हणून कळवावा आणि पोलिसात सायबर तक्रार करून तिची प्रत डिस्प्यूटला जोडावी. तिथे बिलाच्या हिशेबात शिरायचंच नाही.

राहिला एजंट. त्याचा फोन आला की रागावू नका आणि आता कापूही नका. एवढंच म्हणा: 'बिलावर वाद आहे, डॉकेट नंबर लिहून घ्या, आणि तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय ते ईमेलवर कळवा.' नंबर सांगून टाका. खरा असेल तर तो खात्यावर 'वादग्रस्त' असा शेरा मारून पुढच्या नावाकडे वळेल, त्याला दिवसाला शंभरेक फोन करायचे असतात. खोटा असेल तर ईमेल येणार नाही.

आणि कर्जाचा अर्ज पुन्हा करण्याआधी यजमानांचेही चार रिपोर्ट काढा, ते सहअर्जदार आहेत. तुमची सगळी लढाई जिंकून झाल्यावर त्यांच्या नावावरचं एखादं विसरलेलं क्रेडिट कार्ड वर यायला नको. शिवाय नव्या मोबाइल कंपनीच्या खात्यावर कोणता ईमेल दिलाय, ते आज रात्रीच बघा. पोर्ट करताना फॉर्म भरला तेव्हा तुम्ही त्याच जुन्या नोकरीत होतात.